डिस्पोजलची गाडी : युद्धातील ट्रक आणि सातपुड्यातील शेती

बालाघाट, सिवनी, मंडला, जबलपूर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांच्या बोलण्यात काही परके शब्द इतके मुरून गेले आहेत की ते परके आहेत याची आठवणही राहत नाही. ‘डिस्पोजल’ हा त्यांपैकी एक. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलची घोंगडी, डिस्पोजलचा पत्र्याचा डबा आणि या सर्वांवर ताण करणारी डिस्पोजलची गाडी. सरकारी दप्तरात या शब्दाचा अर्थ ‘विल्हेवाट’ एवढाच. बोलीत मात्र त्याला निराळेच वजन आले. जी वस्तू सैन्यासाठी बनली, जिची किंमत दुसऱ्याच कोणी भरली आणि जी निम्म्याहून कमी दामात आपल्या अंगणात आली, ती डिस्पोजलची. तिच्यात मजबुतीची हमी होती आणि फुकटात काही पदरात पडल्याचा आनंदही होता.

सैन्याने काढून टाकलेला ट्रक शेतीसाठी विकत घेणे हा आज हौसेचा विषय वाटेल. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतरची दहा-पंधरा वर्षे आपल्या प्रदेशातील सुस्थित घरांपुढे तो गंभीर व्यवहाराचा प्रश्न होता. कौटुंबिक इतिहासात या ट्रकचा उल्लेख बहुधा वैभवाची खूण म्हणून येतो. ‘आमच्या आजोबांकडे तेव्हा मिलिटरीची गाडी होती’, एवढ्यावर गोष्ट संपते. ती गाडी का आली, तिने काय वाहिले आणि ती का गेली, हे प्रश्न विचारले तर मात्र वैभवापेक्षा निराळीच हकिकत हाती लागते. मालगुजारीच्या अस्ताची ती हकिकत आहे, असे माझे मत झाले आहे. ते कसे, हे येथे मांडण्याचा विचार आहे.

प्रथम या गाड्या आल्या कोठून, ते पाहू. १९४२ साली जपानी सैन्याने ब्रह्मदेश घेतल्यावर चीनकडे जाणारा खुष्कीचा मार्ग तुटला. आसामातील लेडो गावापासून चीनमधील कुनमिंगपर्यंत सुमारे १७०० किलोमीटरांचा नवा मार्ग अमेरिकन लष्कराने, हिंदी मजुरांच्या व सैनिकांच्या मोठ्या साहाय्याने, डोंगर फोडून तयार केला. त्याच्यासाठी, तसेच ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील ब्रिटिश-हिंदी फौजांसाठी, हजारो वाहने या देशात उतरली. अमेरिकन बनावटीची अडीच टनी जीएमसी, पाऊण टनी डॉज, विलीज व फोर्ड यांच्या जीप, आणि कॅनडात फोर्ड व शेव्हरोले यांनी ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी बनविलेले बसक्या नाकाचे ट्रक हे त्यांतील मुख्य प्रकार. जीएमसीच्या त्या एका नमुन्याचेच पाच लाखांहून अधिक ट्रक युद्धकाळात तयार झाले होते.

ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध अकस्मात संपले. एवढी वाहने समुद्रापार परत नेण्याचा खर्च त्यांच्या किमतीला परवडणारा नव्हता. १६ मे १९४६ रोजी अमेरिका व हिंदुस्थान सरकार यांच्यात करार होऊन उसनवारी-पट्ट्याचा हिशेब मिटला आणि येथे उरलेला अमेरिकन युद्धसाठा हिंदुस्थान सरकारच्या ताब्यात आला. ब्रिटिश व हिंदी फौजांकडील जादा सामान निराळेच होते. हे सारे विकण्याचे काम डिस्पोजल्स खात्याकडे आले. पुढे पुरवठा व विल्हेवाट या दोन्ही कामांचे मिळून जे महासंचालनालय झाले, ते २०१७ साली बंद होईपर्यंत ‘विल्हेवाट’ हा शब्द आपल्या नावात मिरवीत होते. बंगालमधील पानागढ हा युद्धकाळात अमेरिकनांचा मोठा तळ होता. तेथे रस्त्याच्या दोन्ही अंगांस सैन्याच्या गाड्या मोडण्याचा व विकण्याचा जो बाजार बसला, तो पुढे कित्येक दशके टिकला. जुन्या सैनिकी गाडीचा सुटा भाग हवा असला की ‘पानागढला मिळेल’, हे वाक्य नागपूर-जबलपूरकडच्या गॅरेजांतूनही ऐकू येई.

आता या गाड्यांची गरज आपल्या मुलुखात कोणाला होती, याकडे वळू. त्यासाठी लामता हे गाव डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे आहे. बालाघाट व नैनपूर यांच्या जवळजवळ मध्यावर, वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेले हे गाव. जवळच ढुटी येथे वैनगंगेवर इंग्रजी अमदानीत बंधारा झाला आणि त्याच्या कालव्याने खालच्या अंगाच्या धानाला पाण्याचा भरवसा दिला. पूर्वेला पठाराचा चढ व साग, साजा, बांबू यांचे जंगल. पश्चिमेला नदी व धानाच्या बांध्या. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया-नैनपूर-जबलपूर हा अडीच फुटी अरुंद मार्ग टाकला आणि लामत्याला स्टेशन मिळाले.

म्हणजे लामत्याहून बालाघाटला किंवा गोंदियाच्या गिरण्यांना धान पाठवावयाचे, तर त्यासाठी ट्रकची गरज नव्हती. गाडी दारातून जात होती. अडचण होती ती शेतापासून व जंगलातील कूपापासून स्टेशनपर्यंतच्या आठ-दहा, कोठे पंधरा-वीस किलोमीटरांची. तेथे सडक नव्हती. वाळूचे नाले, दगडी चढ आणि बंड्यांच्या चाकोऱ्या एवढीच वाट. बंडीत आठ-दहा क्विंटल माल जाई आणि बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालत. पंधरा किलोमीटरांवरच्या कूपातून सागाचे लठ्ठे आणण्यास जाण्या-येण्याचा पुरा एक दिवस लागे व दुसऱ्या दिवशी बैलांना विसावा द्यावा लागे. सहाही चाकांना इंजिनाचा जोर देणारी, वाळूत न रुतणारी, पुढे ओढयंत्र लावलेली जीएमसी याच तुकड्यासाठी जणू घडविली होती. लेडोच्या चिखलाने तिची परीक्षा आधीच घेतली होती.

परंतु ही गरज सर्वांचीच नव्हती. दहा-वीस एकर धान करणाऱ्या कुणबी, पोवार, मरार किंवा गोंड शेतकऱ्याचे सारे पीक दोन-चार बंड्यांत मावे. ट्रक हवा होता तो ज्याच्याकडे गावेच्या गावे होती त्याला. आपल्या घरांपैकी पुष्कळ घरे भोसल्यांच्या कारभारात, पुढे इंग्रजी अमदानीत महसूल, वकिली, रेल्वे व ठेकेदारी यांच्या निमित्ताने या भागात आली आणि त्यांतील कित्येकांनी मालगुजाऱ्या मिळविल्या. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा व गावाचा मालकी हक्क असलेला. त्याची सीर व खुदकाश्त जमीन असे; परंतु त्याचे मोठे उत्पन्न पुष्कळ ठिकाणी गावच्या हद्दीतील जंगलातून येई. साग, बांबू, हिरडा, लाख, मोह या मालाला मण व खंडी कमी पडे. सीरेचे धान आणि गावचे जंगल या दोहोंची वाहतूक एकत्र केली, तरच ट्रकचा हिशेब जमत होता. हे सूत्र ध्यानात ठेवावे. कारण पुढची सर्व गोष्ट या हिशेबाची आहे.

खरेदीची रीत अशी होती. डेपोत गाड्यांच्या रांगा लावून त्यांचे गट पाडले जात. कधी मोहोरबंद निविदा, कधी जाहीर निलाम. आपल्या भागात लिलावाला निलामच म्हणतात. गाडी जशी आहे तशी घ्यावयाची. चालवून पाहण्याची सोय क्वचितच. पुष्कळदा गट दोन-चार गाड्यांचा असे. त्यांतील एक धावती, बाकीच्या तिच्या पोटासाठी. जाणता खरेदीदार याला तोटा न मानता फायदा समजे. कारण सुट्या भागांची खाण त्याच सौद्यात मिळे. जो केवळ रंग व टायर पाहून एकच गाडी उचली, त्याला दुसऱ्या वर्षीच पस्तावण्याची पाळी येई.

गाडी घरी आल्यावर कागद सुरू होत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहू गाडीला परवाना लागू लागला होता. स्वतःचा माल वाहणारा तो ‘प्रायव्हेट कॅरियर’ आणि भाड्याने दुसऱ्याचा वाहणारा तो ‘पब्लिक कॅरियर’. शेतकऱ्याला पहिल्या प्रकारचा परवाना मिळे. म्हणजे ट्रक वर्षातून सहा महिने रिकामा उभा असला, तरी शेजारच्या गावाचे धान भाड्याने नेऊन चार पैसे मिळविणे कायद्याने वर्ज्य होते. ट्रकवाल्या मालकाने लग्नाचे वऱ्हाड वा जत्रेची मंडळी ‘प्रेमापोटी’ नेण्याचे जे किस्से घरोघर सांगितले जातात, त्यांतील प्रेमाचा काही अंश या कलमाशी संबंधित असावा.

आता हिशेब मांडून पाहू. अडीच टनी जीएमसीचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन लिटरला जेमतेम सव्वातीन किलोमीटर चाले, तेही बऱ्या सडकेवर. पंधरा किलोमीटरांवरच्या कूपाची एक खेप म्हणजे जाऊन-येऊन दहा लिटर पेट्रोल. वाळू व चढ धरला तर त्याहून बरेच अधिक. बिनसडकेच्या वाटेवर तिच्यावर अधिकृत वजन बावीस-तेवीस क्विंटल, म्हणजे अडीच-तीन बंड्यांचे. दिवसात तीन-चार खेपा झाल्या, तर ती दहा बंड्यांचे व वीस बैलांचे काम करी. बैल मात्र गावातलाच चारा खात, त्यांच्या शेणाचे खत होई आणि धान कापून झाल्यावर तेच चुरणीला उपयोगी पडत. पेट्रोल रोख पैशाने घ्यावे लागे. खेड्यातील संपत्ती धान्यात असते, रोकड थोडी. ट्रकने मालगुजाराच्या घरात प्रथमच असा चाकर आणला, ज्याला धान्यावर राबविता येत नव्हते.

दुसरी अडचण ऋतूची. सर्व चाकांना जोर असलेल्या गाडीची खरी करामत चिखलात. परंतु आषाढ-श्रावणात, चिखल असताना, वाहण्यासारखे काही नसे; रोवणीच्या बांध्यांत असे अजस्र धूड घालणे म्हणजे वर्षाची मेहनत मातीत घालणे. धान निघून पुंजणे रचले जाईपर्यंत कार्तिक-मार्गशीर्ष येई व वाटा कोरड्या पडत. जंगलातली तोडही हिवाळ्या-उन्हाळ्याची. म्हणजे ज्या गुणासाठी ही गाडी अधिक पेट्रोल पीत होती, त्या गुणाची गरज वर्षातील फार थोडे दिवस पडे. नाल्यांच्या वाळूत व कूपाच्या चढावर तेवढी. उरलेल्या वेळी पुढच्या चाकांचा सांधा सोडवून ठेवणारे मालक होते. ते हिशेबी म्हणावयाचे.

तिसरी व सर्वांत मोठी अडचण सुट्या भागांची. युद्ध संपले तेव्हा मुंबईला जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांचे जुळणीचे कारखाने होते. त्यामुळे भाग मिळत राहतील, असा लोकांचा समज असणे स्वाभाविक होते. परंतु केवळ जुळणी करणाऱ्या परकी कंपन्यांना येथे स्थान नाही, देशातच निर्मिती करणाऱ्यांना प्रोत्साहन द्यावयाचे, असे धोरण स्वतंत्र भारताने ठरविले. १९५४ च्या सुमारास या दोन्ही कंपन्यांनी आपला येथील कारभार आवरला. त्याच वर्षी जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझचे डिझेल ट्रक बाहेर पडू लागले. देशाच्या दृष्टीने धोरण योग्यच होते. जीएमसी किंवा शेव्हरोले बाळगणाऱ्या खेड्यातील मालकाला मात्र त्यामुळे पानागढ आणि मिस्त्रीची अक्कल, एवढेच दोन आधार उरले. जीएमसीचे चालकाचे आसन डावीकडे. त्याची सवय करून घेणे सोपे होते. तिचा दातेरी पट्टा वा धुरा तुटला, तर तो घडवून घेणे सोपे नव्हते. पुष्कळांनी पुढे पेट्रोलचे इंजिन काढून पर्किन्सचे डिझेल इंजिन बसविले. खर्च निम्म्यावर आला. परंतु गाडीचा मूळ जोर गेला आणि तिची किंमत म्हणून जे वाचले होते, ते या फेरफारात खर्ची पडले.

हा अनुभव केवळ आपल्या मुलुखाचा नव्हता. ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स हे वेल्समधील अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर युद्धातील एक जुनी जीप वापरीत. काम उत्तम होई; पण ती निकामी झाल्यावर तिच्या जागी काय घ्यावे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्यातून त्यांनी शेतीसाठीच नवी गाडी आखली. एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडलेली लँड रोव्हर ती हीच. आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे जीपवाल्यांना भागांचा कायमचा आधार मिळाला. डिस्पोजलच्या जीपा पुढे कित्येक वर्षे धावत राहिल्या व ट्रक मात्र गोठ्यामागे उभे राहिले, याचे कारण यंत्राच्या मजबुतीत नसून या आधारात आहे.

सरकारच्याही वाट्याला हाच धडा आला. सागर, दमोह, होशंगाबाद, भोपाळ या भागांतील लक्षावधी एकर काळी जमीन कांस नावाच्या खोल मुळांच्या गवताने गिळली होती. ती मोकळी करण्यासाठी केंद्र सरकारने स्वातंत्र्याच्या सुमारास सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभारले आणि आरंभ केला तो अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेल्या ट्रॅक्टरांवर. युद्धाची अवजारे नांगराला जुंपण्याची कल्पना मनोहर होती. परंतु झिजलेल्या यंत्रांवर एवढे काम रेटणे अशक्य दिसल्यावर सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरांचे कर्ज घेऊन नवे अवजड ट्रॅक्टर आणावे लागले. बँकेने भारताला दिलेले हे दुसरेच कर्ज होते. ज्याच्या पाठीशी सरकारी कार्यशाळा व परकीय चलन होते, त्याला जर जुन्या साठ्यावर भागविता आले नाही, तर लामत्याकडच्या एकाकी मालकाचे काय झाले असेल, ते वेगळे सांगावयास नको.

तरीही नुसत्या पेट्रोलने वा सुट्या भागांनी हे ट्रक संपविले नाहीत. तो घाव दुसरीकडून आला. मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५० साली झाला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजाऱ्या सरकारजमा झाल्या. सीर व खुदकाश्त जमीन कसणाऱ्याच्या हाती राहिली. गावची पडीक जमीन, तळी, वाटा आणि जंगल राज्याकडे गेले. कायद्याचे औचित्य वादातीत आहे. ज्या कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या सारा भरला, त्यांच्या दृष्टीने तो उशिराच आला. येथे फक्त त्याचा ट्रकच्या हिशेबावरील परिणाम नोंदवावयाचा आहे. वर सांगितलेल्या सूत्रातील जंगल हा अर्धा भाग एका दिवसात गळून पडला. उरले ते सीरेचे धान, आणि तेवढ्यासाठी ट्रक नको होता.

यानंतरच्या दहा-बारा वर्षांत आपल्या घरांनी तीन वाटा चोखाळल्या. काहींनी गाडी विकून टाकली. ती बहुधा एखाद्या लाकूड-ठेकेदाराकडे किंवा खाणवाल्याकडे गेली. बालाघाट जिल्ह्यात भरवेलीसारख्या मँगनीजच्या खाणी असल्याने गिऱ्हाईक मिळणे कठीण नव्हते. काही स्वतःच ठेकेदार झाले. पब्लिक कॅरियरचा परवाना काढून सरकारी कूपातला माल वाहू लागले. आधी जे जंगल मालक म्हणून तोडले, तेच आता निविदा भरून तोडायचे. पण १९६४ च्या कायद्याने तेंदूपानाचा व १९६९ च्या कायद्याने अन्य वनोपजाचा व्यापार राज्याच्या नियंत्रणाखाली आल्यावर ही वाटही अरुंद झाली. तिसऱ्या प्रकारच्या घरांनी ट्रक ठेवला, तो केवळ ठेवला. तो विकणे म्हणजे गाव गेले हे कबूल करणे, असे त्यांना वाटत असावे. वाड्याच्या मागील अंगणात चारही टायर सडलेला, बोनेटवर दुधीभोपळ्याचा वेल चढलेला ट्रक ज्यांनी लहानपणी पाहिला असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

त्यातच १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. राजधानी नागपूरहून भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला. लामत्याच्या मराठी घराची नाती, बाजार, शाळा व गॅरेजसुद्धा दक्षिणेला गोंदिया-नागपूरकडे, आणि कागद उत्तरेला. एका अर्थी डिस्पोजलची गाडी व तिचा मालक या दोघांचीही नोंदणी एकाच काळात नव्याने झाली.

सैनिकी गाड्यांची दुसरी लाट आली ती मात्र याच उत्तरेकडून. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने १९५९ मध्ये ‘शक्तिमान’ ट्रकची जुळणी सुरू झाली, आणि १९६९ साली खास वाहनांसाठी व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. शक्तिमान, निसानचा एक टनी ट्रक आणि ‘जोंगा’ ही तेथली अपत्ये. जोंगा हे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांतील अक्षरांवरून पडले. सैन्यात आयुष्य संपल्यावर या गाड्या निलामात निघू लागल्या आणि अरुंद रेल्वेच्या दोन्ही टोकांकडील शेतांवर पुन्हा हिरव्या रंगाचे दर्शन घडले.

या वेळचा खरेदीदार निराळा होता. निवृत्त सैनिक, विटभट्टीवाला, लाकडाच्या टालाचा मालक, बागायती शेतकरी. शक्तिमानचे इंजिन डिझेलचे, बनावट याच देशातली आणि भाग जबलपूरच्या बाजारात मिळणारे. त्यामुळे पहिल्या लाटेतील मोठी अडचण उरली नव्हती. जोंग्याचे सुमारे चार लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन मात्र तितकेच खादाड. म्हणून ते काढून डिझेल इंजिन बसविण्याची प्रथा येथेही पडली. इतिहासाची पुनरावृत्ती होते म्हणतात, ती गॅरेजात अधिक स्पष्ट दिसते.

या खरेदीतील कायद्याची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. संरक्षण खात्याच्या वाहनाची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या साठाव्या कलमानुसार ती स्वतंत्र अधिकाऱ्याकडे होते, आणि बाण व आकडे असलेला निराळा क्रमांक त्या वाहनाला मिळतो. ते संरक्षणाच्या कामातून बाहेर पडताच सामान्य नोंदणीचे नियम लागू होतात. म्हणून निलामाचे विक्रीपत्र, ताबापत्र आणि चासी व इंजिन यांचे क्रमांक हे तिन्ही जुळल्याशिवाय पैसे मोजू नयेत, हा जुन्या जाणत्यांचा सल्ला आजही खरा आहे. कागद नसलेला ट्रक शेताच्या बांधाबाहेर काढता येत नाही, मग तो कितीही बलवान असो. आता हे निलाम बहुतांशी संगणकावर होतात. रांगेतून फिरून बोनेट उघडून पाहणारा खरेदीदार दुर्मीळ झाला. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी चालू ठेवता येत नाही, त्यांनी भंगार केंद्राकडे जावे, असे धोरण आहे. सैन्याच्या कामगिरीवरील खास वाहने त्यातून वगळली आहेत.

शेतीपुरते पाहिले, तर या ट्रकची जागा कधीच भरून निघाली आहे. ट्रॅक्टर व ट्रॉली यांनी नांगरणी, चुरणी व वाहतूक ही तिन्ही कामे एकाच इंजिनावर आणली. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने, ज्या आठ-दहा किलोमीटरांसाठी सहा चाकांचा जोर लागत होता, ते डांबराखाली घातले. अरुंद रेल्वेमार्ग २०१५ मध्ये बंद होऊन रुंद झाला आणि आता गोंदिया-जबलपूर मार्गावर मोठ्या गाड्या धावतात. बंडी आणि ट्रॉली यांच्या मधल्या एका पिढीपुरते या ट्रकला काम होते. सडक नव्हती म्हणून तो आला. सडक आली आणि तो गेला. मधल्या काळात जंगलाची मालकी बदलली नसती, तर तो आणखी काही वर्षे टिकला असता, इतकेच.

शेवटी एका उणिवेकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. महसूल खात्यातील नोकरीच्या निमित्ताने व पुढे निवृत्तीनंतर जुन्या घरांच्या काही खतावण्या मला पाहावयास मिळाल्या. ट्रकची किंमत, पेट्रोलचा खर्च, टायरांची जोडी यांच्या नोंदी त्यांत वळणदार अक्षरांत आहेत. गाडी चालविणाऱ्याचे नाव मात्र बहुधा ‘ड्रायव्हर’ एवढेच. हा ड्रायव्हर कोण होता? युद्धकाळात हिंदी फौज पंचवीस लाखांवर गेली. बैलगाडीपलीकडे ज्यांनी वाहन पाहिले नव्हते, अशा असंख्य तरुणांना तेथे मोटार चालविणे व दुरुस्त करणे शिकविण्यात आले. १९४६ मध्ये गाड्यांप्रमाणेच ही माणसेही जादा ठरली व घरी परतली. गाडी निलामात मिळाली. तिला चालविण्याची विद्या निलामात मिळत नव्हती. ती या परतलेल्या माणसांनी आणली. तुटलेला धुरा लोहाराच्या भात्यावर जोडून देणारा, एका गाडीचे हाड दुसरीला बसविणारा मिस्त्रीही त्यांच्यातूनच तयार झाला. मालकाचा हिशेब १९५१ मध्ये तुटला, परंतु यांचा धंदा तेथून वाढत गेला. बालाघाट, वारासिवनी, नैनपूर येथील कित्येक गॅरेजांची वंशावळ शोधली, तर ती एखाद्या डिस्पोजलच्या गाडीपाशी जाऊन पोहोचेल, असा माझा समज आहे.

म्हणून आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस विनंती एवढीच, की मिलिटरीच्या गाडीची गोष्ट नातवंडांना सांगताना ती कोणी विकत घेतली यावर थांबू नये. ती कोण चालवीत असे, तो कोणत्या गावचा, कोणत्या पलटणीतून आला होता आणि गाडी विकल्यावर त्याचे पुढे काय झाले, हेही आठवत असेल तर लिहून ठेवावे. खतावणीत पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनची नोंद आहे. त्या माणसांची नोंद करण्याचे काम अद्याप राहिले आहे, आणि ज्यांना त्यांची नावे आठवतात ते आता ऐंशीच्या घरात आहेत.